मदत हवी आहे: ग्रेस उपग्रहांच्या आकड्यांवरून अथणी-चिकोडीच्या भूजलाबद्दल काय सांगता येईल?

नमस्कार. चिकोडी आणि अथणी तालुक्यांतील शेतकऱ्यांपुढे मांडण्यासाठी मी भूजलावर एक टिपण लिहीत आहे. त्यात ग्रेसची आकडेवारी वापरावी का, याबद्दल जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

2002 साली सोडलेले ग्रेसचे दोन उपग्रह एकामागून एक, सुमारे 220 किलोमीटर अंतर राखून फिरत. खालच्या प्रदेशातील पाणी किंवा बर्फ वाढले-घटले की तेथील गुरुत्वाकर्षण बदलते आणि दोघांमधील अंतरात मायक्रोमीटरच्या घरातला फरक पडतो. त्यावरून दर महिन्याचा हिशेब मांडला जाई. 2018 पासून ग्रेस-एफओ ही पुढची मोहीम हेच काम करत आहे. राजस्थान, पंजाब व हरियाणातून 2002 ते 2008 या काळात सुमारे 109 घनकिलोमीटर भूजल घटल्याचे याच पद्धतीने दिसून आले, म्हणून आपल्या भागासाठीही तिचा आधार घ्यावासा वाटतो.

अडचण आकाराची आहे. ही मोजणी साधारण तीनशे किलोमीटरपेक्षा बारीक तपशील दाखवत नाही, आणि आपला बेळगाव जिल्हा जेमतेम 13,400 चौरस किलोमीटरचा. खानापूरचा धो धो पाऊस, अथणीचा कोरडा पट्टा, कोयना, हिडकल आणि आलमट्टीचे जलाशय हे सगळे एकाच सरासरीत मिसळते. एक लाख चौरस किलोमीटरवर एक सेंटीमीटर पाणी म्हणजे सुमारे 35 टीएमसी. म्हणजे शंभरावर टीएमसीचे एकटे कोयना धरण भरले तरी जवळपास तीन सेंटीमीटरची वाढ दिसेल. उलट, आपल्या काळ्या पाषाणात शेकडा दोन भाग जागाच पाणी सोडते असे धरले, तर सगळीकडच्या विहिरी एक-एक मीटर खाली गेल्या तरी घट दोनच सेंटीमीटर भरते. धरणांतील पाणी अचूक वजा केल्याशिवाय भूजलाचा आकडा हाती लागणार नाही, असे माझे मत आहे.

जलाशयांचा साठा आणि जीएलडीएएस या संगणकीय प्रारूपातील मातीचा ओलावा वजा करून कृष्णा खोऱ्याच्या वरच्या भागाचा हिशेब कोणी केला आहे का? त्यासाठी मॅसकॉन (पृथ्वीचे ठरावीक तुकडे पाडून काढलेली) आकडेवारी घ्यावी की गोलीय हार्मोनिक (सगळ्या पृथ्वीसाठी लहरींच्या बेरजेने मांडलेली)? अरबी समुद्र जवळ असल्याने किनाऱ्यालगत होणाऱ्या समुद्र आणि जमिनीच्या आकड्यांच्या सरमिसळीची दुरुस्ती कशी करावी? आणि 2017-18 मधील दोन मोहिमांमधला खंड रिकामा ठेवणेच योग्य ना? तालुक्यासाठी मात्र निरीक्षण विहिरींच्या नोंदीच वापरणार आहे, कारण बोअर मारायचा की ऊस कमी करायचा, हे लोक या टिपणावरून ठरवू शकतात.