‘बँड ऑफ ब्रदर्स’ला मराठीत ‘भाऊबंद’ म्हणावे का?

मूळ प्रश्न
‘बँड ऑफ ब्रदर्स’ या २००१ सालच्या दहा भागांच्या मालिकेवर मी एका दिवाळी अंकासाठी लेख लिहीत आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनमधील ईझी कंपनीने नॉर्मंडी, हॉलंड, बॅस्टोन असा जो प्रवास केला, त्याची ही कथा. शीर्षकाचे भाषांतर मी ‘भाऊबंद’ असे केले. भाऊ आणि बंध, दोन्ही आले. परंतु हा शब्द वाचल्यावर वाचकाला वाटणीचा दावाच आठवेल, असे सांगून संपादकांनी तो खोडला. माझे कुठे चुकले?

उत्तर १
संपादकांचे बरोबर आहे. माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. सुट्टीवर आले की सोबतच्या जवानांविषयी ते तासन्‌तास बोलत, पण त्यांना कधी भाऊबंद म्हणत नसत. भाऊबंद म्हणजे बांध कोरणारे चुलते, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आमच्या घरी होता.

उत्तर २
हा त्या शब्दावर अन्याय आहे. दहाव्याला नदीवर जे जमतात तेही भाऊबंदच असतात. डाग लागला आहे तो ‘भाऊबंदकी’ला. त्यात ‘की’ या प्रत्ययाचाही दोष नाही, कारण ‘गावकी’ या शब्दाला असा डाग लागलेला नाही. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्यासारख्या प्रसंगांनी ‘भाऊबंदकी’ बदनाम झाली. तिची शिक्षा ‘भाऊबंदां’ना का द्यायची?

उत्तर ३
खरी अडचण निराळी आहे. मूळ शब्द शेक्सपियरच्या ‘पाचवा हेन्री’ नाटकातला असून, आज जो माझ्याबरोबर रक्त सांडेल तो माझा भाऊ, असे तिथे राजा म्हणतो. म्हणजे हे नाते रक्त सांडून जुळते, आणि आपले भाऊबंद तर जन्माने ठरतात. बॅस्टोनच्या भागात शेन टेलरने साकारलेला वैद्यकीय सहायक रो बर्फात खंदकाखंदकातून मॉर्फीन आणि एक कात्री मागत फिरतो. तो इतरांना टोपणनावाने हाक मारायचे टाळतो. शेवटी हेफ्रन या साथीदाराला तो नकळत ‘बेब’ म्हणतो आणि हेफ्रनच्या ते लगेच ध्यानात येते. त्या एका हाकेत ते भाऊ होतात. गुरू एक म्हणून गुरुबंधू, तसे रण एक म्हणून ‘रणबंधू’ का चालू नये?

उत्तर ४
‘रणबंधू’ हा शब्द स्मारकाच्या कोनशिलेवर शोभेल, पण जवानाच्या तोंडी कधीच येणार नाही. या मालिकेतल्या नटांना व्हिएतनाम युद्धात लढलेल्या डेल डाय यांनी दहा दिवस कठोर लष्करी शिक्षण दिले आणि कर्नल सिंक यांची भूमिकाही स्वतः केली, ती हा कृत्रिमपणा टाळण्यासाठीच. तेव्हा सरळ ‘पलटण’ म्हणावे.

उत्तर १ (पुन्हा)
क्षमा करा, पण पलटण म्हणजे बटालियन. १७६८ मध्ये उभी राहिलेली ‘जंगी पलटण’ ही मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन आहे. ईझी ही तिच्याहून लहान तुकडी, म्हणून तिला कंपनीच म्हणायला हवे. हा शब्द ‘प्लाटून’वरून आला असे काही जण मानतात, काही ‘बटालियन’वरून. मला दुसरे मत पटते, कारण वापर त्याच अर्थाने आहे.

मूळ प्रश्नकर्ता
कंपनी म्हटल्यावर माझी दुसरी अडचण समोर येते. डेमियन लुईसने ज्यांची भूमिका केली ते खरे मेजर विंटर्स अखेरच्या भागात एका सहकाऱ्याच्या पत्रातील प्रसंग सांगतात. आजोबा, तुम्ही युद्धात वीर होतात का, असे नातवाने विचारल्यावर आजोबा म्हणतात, नाही, पण मी वीरांच्या कंपनीत होतो. तिथे तुकडी आणि संगत हे दोन्ही अर्थ एका शब्दात आहेत. ‘वीरांच्या संगतीत’ म्हटले तर तुकडी जाते, आणि ‘कंपनी’ ठेवला तर कारखाना डोळ्यांपुढे येतो.

उत्तर २
कारखानाच का यावा? एकत्र राहणारी, एका पंगतीत जेवणारी, गावोगाव हिंडणारी माणसे म्हणजे कंपनी, हा अर्थ आपल्याला नाटक कंपनीने फार पूर्वीच दिला आहे. ‘कंपनी’ तसाच ठेवा. आणि शीर्षकाला ‘भाऊबंद’च द्या, असे मी अजूनही म्हणेन.