स्वतःचे संभाषण आणि तिसऱ्याचे संभाषण

समोरच्याला न सांगता केलेले रेकॉर्डिंग हा गुन्हाच असून न्यायालयात ते चालतच नाही, हे मत भारतापुरते तरी टिकत नाही. स्वतः सहभागी असलेले संभाषण ध्वनिमुद्रित करणे सरसकट गुन्हा ठरवणारा कायदा आपल्याकडे नाही; इतर दोघांचे फोनवरील बोलणे परस्पर टिपणे मात्र दंडनीय आहे.

आर. एम. मलकाणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा १९७२ चा निकाल येथे पाहण्यासारखा आहे. मुंबईचे तत्कालीन कॉरोनर (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी) मलकाणी यांच्यावर एका डॉक्टरकडे लाच मागितल्याचा आरोप होता. दुसऱ्या एका डॉक्टरने मलकाणींना आपल्या घरून फोन लावला आणि त्याच्या संमतीने पोलिसांनी त्या फोनला टेपरेकॉर्डर जोडला. बोलणाऱ्यांपैकी एकाचीच संमती असूनही तेव्हा फोनसंदेश चोरून टिपण्यास मनाई करणाऱ्या टेलिग्राफ कायद्याचा भंग झालेला नाही, असे न्यायालयाने ठरवले आणि आवाजाची ओळख पटणे, विषयाशी संबंध असणे व फेरफाराची शक्यता नसणे या कसोट्यांवर टेप ग्राह्य धरली.

जुलै २०२५ मध्ये याच न्यायालयाने घटस्फोटाच्या दाव्यात जोडीदाराचे चोरून केलेले रेकॉर्डिंगही पुरावा म्हणून येऊ दिले. नवरा-बायको एकमेकांवर पाळत ठेवू लागले म्हणजे विश्वास आधीच संपलेला असतो, हा त्यातील युक्तिवाद मला तरी काहीसा सोयीचा वाटतो.

अर्थात, पुरावा म्हणून सादर करण्याची मुभा म्हणजे तीच क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवण्याचा परवाना नव्हे. शिवाय पुराव्यासंबंधीच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते, त्यामुळे मूळ फोन जपून ठेवलेला बरा.