२०१३ ची थंडरबर्ड घेतलीये, कोकणात न्यायच्या आधी काय काय करू?

कासारवडवलीकर

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात कल्याणच्या एका गृहस्थांकडून रॉयल एनफिल्डची थंडरबर्ड ३५० घेतली, २०१३ चं मॉडेल, मी तिसरा मालक, मीटरवर ४३ हजार आहेत ते खरे की खोटे देव जाणे. आजवर फक्त १२५ सीसी वापरलीये, ती पण ऑफिसला, कासारवडवली ते महापे, त्यामुळे १९० किलोच्या वरचं धूड पहिल्यांदा पार्किंगमधून उलटं ढकलत बाहेर काढलं तेव्हा वॉचमनकाका खुर्चीवरून उठून धरायला आले.

गाडी सेल्फ मारला की उठते, तक्रार नाही. पण ७० च्या पुढे हँडल इतकं थरथरतं की आरशात मागचा एक ट्रक दोन दिसतो. थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटाके, आणि हेडलाइट म्हणजे मेणबत्ती. आधीच्या मालकाने हौसेने लांब सायलेन्सर, दोन एलईडी, डबल हॉर्न, मोबाइल चार्जर असं बरंच काही लावलंय.

जानेवारीत बायकोला घेऊन गुहागरला जायचंय. बजेट २५ हजार. डोक्यात आहे ते म्हणजे मोठी विंडशील्ड, जेल सीट, मागे लोखंडी बॉक्स आणि तो परफॉर्मन्सवाला एअर फिल्टर. कुठून सुरुवात करू? आणि एक मेकॅनिक म्हणतोय टॅपेट (इंजिनचे व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) सेटिंग करून घ्या, ८०० रुपये, सगळं व्हायब्रेशन जाईल. करू का?

जुना_पाना (नौपाडा)

आधी अभिनंदन. आता त्या मेकॅनिककडे परत जाऊ नकोस. या यूसीई इंजिनला (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेलं) हायड्रॉलिक टॅपेट असतात, ते ऑइलच्या प्रेशरवर आपले आपण सेट होतात, बाहेरून सेट करायला काही नाहीच, मग तो ८०० रुपये कशाचे घेणार ते त्यालाच विचार. सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर काही सेकंद टकटक येऊन थांबत असेल तर ते नॉर्मल. थांबतच नसेल तर आधी ऑइल बघ, उजव्या बाजूला गोल काच आहे, गाडी डबल स्टँडवर सरळ उभी करून, इंजिन गरम करून बंद केल्यावर पाच मिनिटं थांबून बघायचं. साइड स्टँडवर बघून ऑइल कमी म्हणणारे आणि मग ओतत सुटणारे लय बघितलेत.

थरथरीचं सांगतो, कारण इथेच लोक पैसे घालवतात. पहाटे मोकळा रस्ता बघून ७० ला जा आणि क्लच दाबून धर, आरपीएम खाली पडू दे, गाडी आपली घरंगळतेय. थरथर गेली तर ती इंजिनची, म्हणजे माउंटिंगचे बोल्ट, हेडस्टेचे (इंजिनचं डोकं फ्रेमला धरणारी पट्टी) बोल्ट वगैरे. तशीच राहिली तर पुढच्या चाकाची, म्हणजे टायर, स्पोक किंवा कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग). या इंजिनचा बोअर (सिलेंडरची रुंदी) ७० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ९० मिमी, लांब स्ट्रोकचं सिंगल सिलेंडर आहे बाबा, थोडं कापणारच, ८०-८५ ला आरामात दिवसभर चालते आणि १०० ला नेलीस की भांडायला उठते. पण ७० ला ट्रक दोन दिसत असतील तर ते मात्र दुखणं आहे.

कोनसेट बघायला डबल स्टँडवर घे, मागे कोणाला तरी बसव म्हणजे पुढचं चाक उचलेल. फोर्क खालून धरून पुढेमागे हलव, कटकट लागली तर ढिला आहे. मग हँडल हळू डावीउजवीकडे फिरव, बरोबर मध्ये आल्यावर खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोनसेट गेला, आवळून उपयोग नाही, बदलायचाच. तशीच मागच्या चाकाला आडवा झोल आहे का बघ, आणि प्रत्येक स्पोक पान्याने टिचकी मारून ऐक, ढिला असेल तो ठण्ण न वाजता ठप्प वाजतो.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही दिसू दे, सहा-सात वर्षांचं रबर पावसात दगा देतं. अशा गाड्या वर्षानुवर्षं पार्किंगमध्ये उभ्या असतात म्हणून ४३ हजाराला टायर ओरिजिनल असले तरी आश्चर्य नाही.

एअर फिल्टरचा विचार डोक्यातून काढ. फटाके का फुटतायत माहितीये? त्या लांब सायलेन्सरमुळे हवा-पेट्रोलचं गणित बिघडलंय, कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) तेच ठेवून फक्त सायलेन्सर बदलला की मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवा जास्त पेट्रोल कमी, आणि इंजिन जास्त तापतं. सायलेन्सरचा बेंड पाइप इंजिनजवळ निळा पडलाय का बघ. वरून आणखी मोकळा फिल्टर लावलास तर अजून लीन. पोलिसांची पावती वेगळीच. कंपनीचा सायलेन्सर सेकंडहँड स्वस्तात मिळतो, कारण अर्धे लोक गाडी घेतल्या घेतल्या तोच काढून टाकतात.

सीवूड्सचा_भटक्या

पाना काकांच्या सगळ्याला अनुमोदन, फक्त विंडशील्डवर माझा आक्षेप आहे. मी लावली होती मोठी, करोल बागेतून मागवलेली, पाम बीचला एकदम राजा वाटलं, आणि जुन्या हायवेला खोपोलीच्या आधी ट्रक बाजूने गेला की अख्खं हँडल एका बाजूला. शिवाय वरच्या कडेवरून वारा बरोबर हेल्मेटवर यायचा, आवाजाने डोकं उठलं. आधी विंडशील्ड न लावता चालव, मग ठरव.

जेल सीट पण तसंच. दोन तासांत कंबर धरत असेल तर फोम बसलाय का ते बघ. तुर्भ्यात सीटवाल्याकडून नवा फोम टाकून कव्हर शिवून घेतलं, निम्म्या पैशात काम झालं माझं.

पारसिकची_रायडर

दादा, तुम्ही बायकोला घेऊन जाताय तर तिला विचारलंत का काय हवंय? मी चार वर्षं नवऱ्याच्या मागे बसले आणि आता स्वतःची चालवते, दोन्ही बाजूंनी सांगते. पिलियनला, म्हणजे मागे बसणाऱ्याला, बॅकरेस्ट हवा, फूटरेस्टचं रबर हवं आणि दर दीड तासाने थांबणारा नवरा हवा. या गाडीला मागचा बॅकरेस्ट कंपनीचाच यायचा, काढता-लावता येणारा, तुमच्या आधीच्या मालकाने काढून माळ्यावर टाकला असेल तर मागून घ्या.

लोखंडी बॉक्स नका लावू. मागे उंचावर वजन गेलं की पिलियनसकट गाडी वळणात जड होते, पुढचं चाक हलकं होतं. दोन्ही बाजूंना कापडी सॅडलबॅग पुरे, जड सामान खाली, सायलेन्सरला चिकटणार नाही एवढं बघा, माझा रेनकोट वितळलाय एकदा.

टायरला ट्यूब आहे हे लक्षात घ्या. ट्यूबलेससारखं खिळा काढून भोकात रबराची गुंडी मारून पुढे जाता येत नाही, चाक काढावं लागतं. पुढची आणि मागची अशा दोन ट्यूब, टायर लिव्हर आणि अ‍ॅक्सलला बसणारा पाना सोबत ठेवा. पंक्चरवाला मिळेल हो, पण त्याच्याकडे १९ आणि १८ इंचाची ट्यूब मिळेलच असं नाही. आणि तो हवा भरताना लक्ष द्या, सगळ्यांना ३५-३५ भरायची सवय असते. पुढे २०-२२, मागे २८-३०, दोघं असाल तर मागे थोडी जास्त.

रस्त्याचं म्हणाल तर पनवेल, माणगाव, महाड करत चिपळूण, तिथून गुहागर. वेळ असेल तर दापोलीकडून या, दाभोळ ते धोपावे फेरीबोटीत गाडी चढते, बायको खूश होईल.

एरोली_ते_अलिबाग

पेपर बघितले का कोणी विचारलंच नाही. एमएच-०५ वरून एमएच-०४ ला यायला नवीन नंबर लागत नाही, पण मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३० करून आरसी नावावर करून घ्या, कर्ज असेल तर बँकेची एनओसी, जुनी ई-चलान भरलीत का बघा. इन्शुरन्स नावावर करायला १४ दिवस असतात, महिना झालाय म्हणताय म्हणून सांगतो. आणि १५ वर्षं २०२८ मध्ये भरतात, तेव्हा आरसी रिन्यू करायची आहे हे धरूनच खर्च करा.

अजून एक, आता पंपावरचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलवालं आहे आणि ही गाडी त्याच्या आधीच्या जमान्यातली. पेट्रोलचे रबरी पाइप कडक झालेत का बघा, आणि टाकी अर्धी ठेवून महिनाभर उभी करू नका, ओल धरते आणि लोखंडी टाकी आतून गंजते.

कासारवडवलीकर

तीन रविवार गेले, सांगायला आलो.

क्लच दाबायची टेस्ट केली, निम्मी थरथर गेली आणि निम्मी राहिली, म्हणजे दोन्हीकडे घोळ. इंजिनच्या वरच्या माउंटिंगचा एक बोल्ट चक्क हाताने फिरत होता. पुढचा टायर १९१५ चा निघाला, मध्ये खड्डे पडलेले. पुढच्या चाकाचे चार स्पोक ठप्प. कोनसेट मात्र ठीक आहे, फक्त आवळला.

लाइटचं प्रकरण वेगळंच. दोन एलईडी आणि डबल हॉर्न सगळं हेडलाइटच्याच वायरवर, जोड काळ्या टेपने गुंडाळलेले, आतून हिरवे पडलेले. बॅटरीवर मल्टीमीटर लावला तर गाडी चालू असताना १४.१, आणि हेडलाइटच्या होल्डरवर ११ च्या खाली, म्हणजे करंट वाटेतच खाल्ला जात होता. डबल हॉर्न काढला, एलईडी रिलेवर घेतल्या फ्यूज टाकून, बॅटरीतून थेट. आता हेडलाइट भिंतीवर मारला तर शेजारच्या विंगमधून शिव्या येतात.

सायलेन्सर कंपनीचा लावला, फटाके बंद. चेन ओढली तर मागच्या स्प्रॉकेटवरून अर्धा दात उघडा पडत होता, म्हणून चेन-स्प्रॉकेटचं किट बदललं. ऑइल १५डब्ल्यू-५० आणि फिल्टर स्वतः बदलला, पुढेमागे ब्रेक ऑइल नवं, जुनं चहासारखं निघालं. १५ हजारांच्या आत बसलं सगळं, विंडशील्ड, जेल सीट नाहीच घेतली. बॅकरेस्ट खरंच माळ्यावर होता! आरसी आणि इन्शुरन्सचं पण मार्गी लावलं.

काल पहाटे मुरबाडमार्गे माळशेजला जाऊन आलो दोघं. ८० ला आरसा स्थिर. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये मागचा माणूस हॉर्न मारत होता आणि मला काही घाई नव्हती. बायको म्हणाली दीड तासाने थांबायचं ते कोणी सांगितलं त्यांना माझा नमस्कार सांग.

एकच राहिलं. आल्यावर खाली पुठ्ठा ठेवला होता, सकाळी रुपयाच्या नाण्याएवढा ऑइलचा डाग. ऑइल काढायच्या ड्रेन बोल्टच्या इथेच ओलं दिसतंय. अजून आवळू का?

जुना_पाना (नौपाडा)

आवळू नकोस! ऑइल बदलताना वॉशर जुनाच लावलास ना? दहा रुपयांचा वॉशर आण, ऑइल स्वच्छ भांड्यात काढ, तेच परत भर. क्रँककेस अ‍ॅल्युमिनियमचा आहे, जोर लावून आवळलंस तर आटे जातात आणि मग गुहागर जानेवारीतलं मार्चमध्ये जातं. भरताना काचेत अर्ध्याच्या वर नेऊ नकोस, आणि पुठ्ठा तसाच राहू दे, आठवडाभर रोज सकाळी बघ.