हप्ता भरून दहा दिवस झाले, मोटारविम्याची पॉलिसी अद्याप हाती नाही

घाटवाट, पुणे

माझ्या मोटारीच्या विम्याची मुदत १४ ऑगस्टच्या मध्यरात्री संपत होती. जुन्या कंपनीने नूतनीकरणासाठी सांगितलेला हप्ता बराच अधिक वाटल्यामुळे या वर्षी मी कंपनी बदलली आणि एजंटांनी पाठवलेल्या दुव्यावरून ११ ऑगस्टला यूपीआयने पूर्ण रक्कम भरली. रक्कम त्याच मिनिटाला खात्यातून वजा झाली. पॉलिसी मात्र आज २१ तारीख उजाडली तरी ना ईमेलवर आली, ना टपालाने. एजंट 'सिस्टीममध्ये आहे, येईल' यापलीकडे काही सांगत नाहीत, आणि ग्राहक सेवेतील व्यक्तीचे म्हणणे असे की माझ्या मोबाइल क्रमांकावर कोणतीही पॉलिसी दिसत नाही. गणपतीसाठी आम्हांला कणकवलीला जायचे आहे. पैसे भरले म्हणजे विमा सुरू झाला असे मानून गाडी बाहेर काढावी का, आणि वाटेत पोलिसांनी कागद मागितल्यास पैसे भरल्याची पावती चालेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त सर्वेक्षक

आपण कागदाची वाट पाहत आहात, पण आधी क्रमांकाची चौकशी करा. पॉलिसी तयार होऊन तिला क्रमांक पडला असेल, तर पीडीएफ उशिरा येणे हा केवळ मनस्ताप आहे. क्रमांकच पडलेला नसेल, तर प्रश्न निराळा आणि गंभीर आहे. विमा कायदा, १९३८ मधील कलम ६४व्हीबीनुसार हप्ता मिळाल्याशिवाय कंपनीला जोखीम स्वीकारता येत नाही, परंतु याचा अर्थ हप्ता मिळाला की जोखीम आपोआप स्वीकारली गेली असा होत नाही. कंपनीने आपला प्रस्तावही, म्हणजे विम्यासाठी भरलेला अर्जही, मान्य केलेला असावा लागतो.

ग्राहक सेवेला मोबाइल क्रमांक न सांगता गाडीचा नोंदणी क्रमांक, चासी क्रमांक आणि बँकेच्या व्यवहाराचा क्रमांक सांगून शोध घ्यायला लावा. पुष्कळ एजंट प्रस्तावात स्वतःचाच मोबाइल आणि ईमेल घालतात, त्यामुळे पॉलिसी त्यांच्याकडे जाऊन पडलेली असते आणि ग्राहक मात्र कंपनीला दोष देत बसतो. एमपरिवाहन या सरकारी ॲपवर विम्याची तारीख दिसते, पण तिथली नोंद कधी कधी काही दिवस मागे असते. म्हणून जुनी तारीख दिसली तरी तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये.

एक प्रश्न मुद्दाम विचारतो, कारण आपण कंपनी बदलली आहे. गेल्या वर्षभरात आपण एखादा क्लेम घेतला होता का?

नाशिककर

माझ्या बाबतीत ईमेलच्या पत्त्यातील एक अक्षर चुकले होते आणि नऊ दिवसांनी ही गोष्ट उघड झाली, तेव्हा पत्ता अक्षर अक्षर वाचून घ्यावा. पोलिसांविषयी सांगायचे तर मोबाइलवरील विम्याचे प्रमाणपत्र, डिजिलॉकर किंवा एमपरिवाहन यांतील नोंद ग्राह्य धरली जाते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतच तशी तरतूद आहे. पैसे भरल्याची पावती मात्र विम्याचे प्रमाणपत्र नव्हे. विम्याविना गाडी चालवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९६ खाली पहिल्या वेळी २,००० रुपये आणि पुन्हा आढळल्यास ४,००० रुपये दंड आहे, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. फोनवर विसंबू नका, आजच्या आज कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना ईमेल लिहून तक्रार क्रमांक घ्या.

घाटवाट, पुणे

सर्वेक्षकसाहेब, आपण नेमके बोट ठेवलेत. डिसेंबरमध्ये पुढची काच तडकली होती आणि ती विम्यातून बदलून घेतली होती. काचेसाठी घेतलेली रक्कम हाही क्लेमच ठरतो, हे माझ्या ध्यानातच आले नाही. आज व्यवहाराचा क्रमांक दिल्यावर कळले की पॉलिसी तयारच झालेली नाही. प्रस्तावात ३५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, दाखवला होता, जुन्या कंपनीच्या नोंदीत क्लेम आढळला, म्हणून प्रस्ताव अडवून ठेवला आहे आणि आता ते फरकाची रक्कम मागत आहेत. हे कळवणारा ईमेल १३ तारखेलाच गेला होता, तोही एजंटांच्या पत्त्यावर.

निवृत्त सर्वेक्षक

म्हणजे नवी कंपनी स्वस्त का वाटली, याचेही उत्तर मिळाले. जुन्या कंपनीने क्लेममुळे बोनस शून्य धरून हप्ता सांगितला होता आणि नव्या प्रस्तावात तो ३५ टक्के धरला गेला. प्रस्ताव आताच अडला हे एका परीने बरे झाले, कारण अशी पॉलिसी निघाली असती आणि पुढे मोठा अपघात झाला असता, तर चुकीच्या माहितीचा मुद्दा नेमका क्लेमच्या वेळी निघाला असता.

फरक अवश्य भरा, पण भरण्यापूर्वी संरक्षण कोणत्या तारखेपासून सुरू होणार हे लेखी मागा. कंपनी मागची तारीख देणार नाही असे गृहीत धरा. १५ ऑगस्टपासूनचे दिवस विम्याविना गेले असे धरून ती आधी गाडीची तपासणी करील, आणि ती आता मोबाइलवरील व्हिडिओनेही होते. तोवर गाडी जागची हलवू नका. दंडाचे दोन हजार परवडतील, परंतु कोणी जखमी झाले तर तृतीय पक्षाच्या, म्हणजे त्या जखमी व्यक्तीच्या, नुकसानभरपाईला मर्यादा नाही आणि ती सर्व रक्कम आपल्या खिशातून जाईल.

नाशिककरांनी सुचवलेली तक्रार योग्यच आहे. कंपनीने दाद दिली नाही तर आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, आणि महिनाभरात उत्तर न आल्यास विमा लोकपालांकडे जाता येते; पुण्यात त्यांचे कार्यालय आहे आणि तिथे शुल्क पडत नाही. हप्ता घेऊन पॉलिसी न देणे हे लोकपालांकडील तक्रारीचे एक स्पष्ट कारण आहे. तरी प्रस्तावातील माहिती आपल्याच बाजूने चुकली असल्यामुळे तिथे आपली बाजू फारशी भक्कम ठरणार नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

घाटवाट, पुणे

काल व्हिडिओने तपासणी झाली, फरक भरला आणि आज सकाळी पॉलिसी माझ्या स्वतःच्या ईमेलवर आली. संरक्षण २३ ऑगस्टपासून आहे, मागची तारीख मिळाली नाही. पॉलिसी आरसीशी ताडून पाहताना इंजिन क्रमांकातील एक अंक चुकलेला आढळला, म्हणून एंडोर्समेंटसाठी, म्हणजे पॉलिसीतील दुरुस्तीच्या अधिकृत नोंदीसाठी, लगेच अर्ज केला आहे आणि त्याचा क्रमांक मिळाला आहे. एजंटांना मात्र अजूनही वाटते की पॉलिसी त्यांच्या पाठपुराव्यामुळे आली.