स्लिम, स्लेंडर, थिन, लीन आणि नीट, टायडी, ट्रिम : नेमका फरक कसा समजावून सांगावा?

प्रश्न – देवगडची शिक्षिका

नमस्कार. मी देवगड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. नववीच्या वर्गाला ‘आमच्या घरातील एक व्यक्ती’ या विषयावर इंग्रजीत परिच्छेद लिहायला दिला होता. एका मुलाने आपल्या आजोबांविषयी लिहिताना ‘माय ग्रँडफादर इज स्लेंडर अँड टायडी’ असे वाक्य लिहिले. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात काहीच चूक नाही, परंतु त्या आजोबांना मी ओळखते आणि ते या वाक्यात मला कुठेच दिसले नाहीत. त्यांनी उभा जन्म दर्यावर काढला. आता होडीवर जात नसले, तरी रोज सकाळी पडवीत बसून फाटलेली जाळी सांधतात. अंगावर मांस म्हणून नाही, पण दंडाच्या शिरा दोरीसारख्या ताठ उमटलेल्या आहेत. पंचा गुडघ्यापर्यंत असला, तरी कायम धुतलेला असतो, आणि सुतळीचे गुंडे जाडीप्रमाणे ओळीने लावलेले असतात. एखादा गुंडा कोणी हलवला, तर त्यांना तो न बघता कळतो.

वर्गातल्या इतर वह्यांतही असाच गोंधळ आढळला. एकीने तांदळाच्या घावनाला ‘स्लिम’ म्हटले आहे, दुसऱ्याने गावातल्या अरुंद रस्त्याला ‘थिन’ म्हटले आहे, आणि बहीण ‘स्किनी’ आहे असे एकाने तिची स्तुती म्हणून लिहिले आहे. शब्दकोशात पाहावे, तर पहिल्या गटातल्या प्रत्येक शब्दापुढे ‘सडपातळ, बारीक, कृश’ आणि दुसऱ्या गटातल्या प्रत्येक शब्दापुढे ‘नीटनेटका, व्यवस्थित’ असेच अर्थ दिलेले आहेत. मुलांना केवळ ‘असे म्हणत नाहीत’ एवढे सांगून थांबणे मला योग्य वाटत नाही. हे शब्द एकमेकांपासून कशामुळे वेगळे होतात, हे कोणी समजावून सांगेल का?

उत्तर – पोफळीची बाग, रत्नागिरी

बाई, आपला प्रश्न अत्यंत महत्त्वाचा आहे. मी बरीच वर्षे महाविद्यालयात इंग्रजी शिकवले, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

पुष्कळ विद्यार्थ्यांची अशी समजूत असते की हे सगळे शब्द एकाच मापाच्या पट्टीवर कमी-अधिक अंतरावर बसलेले आहेत, म्हणजे थोडा बारीक तो स्लिम आणि फार बारीक तो स्किनी. ही समजूत आधी सोडवावी लागते. एकाच मुलीला तिची आई स्लिम म्हणेल, आजी थिन म्हणेल आणि वर्गातल्या मैत्रिणी स्किनी म्हणतील. मुलीचे वजन तेच राहते, बदलते ती बोलणाऱ्याची नजर. मराठीत आपण हेच करतो. जिला ‘चवळीची शेंग’ म्हणून कौतुकाने पाहतात, तिलाच ‘किडकिडीत’ म्हणून नावेही ठेवतात, आणि हा भेद आपल्या मुलांना उपजत कळतो. म्हणून इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारण्याआधी, हे वाक्य मराठीत कोण, कोणाला आणि कोणत्या सुरात म्हणेल, असे मुलांना विचारावे.

‘थिन’ हा या सर्वांत व्यापक शब्द आहे. आपण ज्या जागी तीन वेगळे शब्द वापरतो, त्या तिन्ही जागा तो एकटा सांभाळतो. सोलकढी पातळ झाली, दोरा बारीक आहे, डोक्यावरचे केस विरळ झाले, या तिन्ही वाक्यांत इंग्रजीत ‘थिन’च येईल. घावन, आंबापोळी, कांद्याची चकती, कागद, असे ज्याचे दोन पृष्ठभाग एकमेकांजवळ आहेत ते सारे थिन. म्हणून त्या मुलीचे घावन थिनच असायला हवे. रस्त्याची गोष्ट निराळी आहे. तिथे जाडीचा प्रश्नच नसतो, दोन कडांमधले अंतर कमी असते, आणि त्यासाठी ‘नॅरो’ हा स्वतंत्र शब्द आहे.

‘स्लिम’मध्ये पसंती आहे. एखादे पुस्तक थिन आहे असे म्हटले, तर त्यात फारसा मजकूर नसावा अशी शंका डोकावते, तेच स्लिम आहे म्हटले, तर ते हातात घ्यावेसे वाटते. गंमत अशी की हा शब्द सतराव्या शतकात डच आणि त्याच्या शेजारच्या बोलींमधून इंग्रजीत आला, तेव्हा मूळ भाषेत त्याचा अर्थ वाकडा, वाईट, लबाड असा होता. जर्मन भाषेत ‘श्लिम’ म्हणजे आजही वाईट, आणि डच भाषेत ‘स्लिम’ म्हणजे हुशार. इंग्रजीत आल्यावर त्याला ‘बारीक’ आणि ‘किरकोळ, क्षुल्लक’ अशा छटा आल्या आणि बांध्याविषयीचे कौतुक पुढे रुजले.

‘स्लेंडर’मध्ये पसंतीच्या जोडीला लांबी आणि प्रमाणबद्धता असते. बुटक्या वस्तूला स्लेंडर म्हणता येत नाही. आमच्या बागेतल्या पोफळी घ्या. हातभर घेराचे खोड एकसारखे वर चढत जाते, मध्ये कुठेही फुगत नाही, वाऱ्यावर पुरते झुकते आणि पुन्हा सरळ होते. हे खोड स्लेंडर आहे. माडाचे खोड उंच असूनही बुंध्याशी सुजलेले आणि बहुधा कललेले असते, त्यामुळे तिथे हा शब्द तितकासा बसत नाही. लांब बोटे, मान, मनगट, वेलीचा देठ, मंदिरापुढची निमुळती दीपमाळ, ही स्लेंडरची हक्काची ठिकाणे आहेत. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत सापडणाऱ्या, मोठ्या डोळ्यांच्या छोट्या निशाचर प्राण्याला स्लेंडर लोरिस म्हणतात, ते त्याच्या काडीसारख्या लांब हातापायांमुळेच. आणखी एक भेद मुलांना उपयोगी पडेल. माणूस आहार-व्यायामाने स्लिम होऊ शकतो, आणि त्यासाठी इंग्रजीत या शब्दाचे क्रियापदही रूढ आहे. स्लेंडर मात्र सहसा कोणी प्रयत्नाने होत नाही, ती जन्मजात ठेवण असते. आपला ‘शेलाटा’ या शब्दाच्या फार जवळ जातो.

‘लीन’ म्हणजे चरबी नसलेला. खाटकाकडे चरबीविरहित मांस मागताना हाच शब्द वापरतात, आणि कबड्डीपटूच्या किंवा लांब पल्ल्याच्या धावपटूच्या शरीरालाही तोच लागू पडतो. त्यात अशक्तपणा गृहीत नाही, उलट जे अनावश्यक ते गळून गेले आहे असा भाव आहे. टोयोटाच्या उत्पादनपद्धतीला १९८८ मध्ये संशोधक जॉन क्राफसिक यांनी ‘लीन’ हे विशेषण दिले, त्यामागेही मालाचा फाजील साठा आणि वाया जाणारे श्रम नसणे हीच कल्पना होती.

आपल्या विद्यार्थ्याच्या आजोबांना यांपैकी ‘लीन’ चालेल, पण त्याहून नेमका शब्द ‘वायरी’ आहे. तारेसारखा बारीक, चिवट आणि न तुटणारा, म्हणजेच आपला ‘काटक’. शिडाच्या दोऱ्या ओढण्यात आणि जाळी खेचण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांच्यासाठी इंग्रजीत याहून चांगला शब्द मला माहीत नाही.

‘स्किनी’वर फार थांबायला नको. तो अनौपचारिक आणि बहुधा उणेपणा दाखवणारा शब्द आहे, ‘लुकडा’ याच्या जवळचा. बहिणीच्या स्तुतीसाठी तो मुळीच योग्य नाही. ‘लँकी’ म्हणजे उंच, बारीक आणि हातपाय कुठे ठेवावेत हे न कळणारा, म्हणजे वयात येणारी मुले. ‘स्क्रॉनी’ म्हणजे हडकुळा.

उत्तर – आरोग्यसेविका, सिंधुदुर्ग

सरांचे विवेचन आवडले. त्यात एक भर घालावीशी वाटते, कारण आमच्या कामात हे शब्द सांभाळून वापरावे लागतात.

‘थिन’ हा शब्द वस्तूंबाबत तटस्थ असला, तरी ओळखीच्या माणसाला उद्देशून तो आला की बहुतेक वेळा त्यात काळजी असते. ‘यू लुक थिन’ याचे खरे मराठी ‘तू बारीक दिसतेस’ असे नसून ‘तू खराब झालीस गं, जेवतेस ना नीट?’ असे आहे. मुंबईहून गणपतीला आलेल्या मुलाला आई दारातच जे म्हणते, ते हे वाक्य. म्हणून परक्या माणसाला ते सहज म्हणू नये, असे मुलांना अवश्य सांगावे.

आजारपणाशी जोडलेले शब्दही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ‘अंडरवेट’ हा मोजमापाचा शब्द आहे. प्रौढ व्यक्तीचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, १८.५ च्या खाली गेला की जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीप्रमाणे ती अंडरवेट ठरते, मग दिसायला ती कितीही ठणठणीत असो. ‘गॉन्ट’ हा मुख्यतः चेहऱ्याचा शब्द आहे. गाल बसलेले, डोळे खोल गेलेले, उपासमार किंवा दीर्घ दुखणे तोंडावर उमटलेले, असे त्याचे चित्र आहे. ‘इमेशिएटेड’ म्हणजे सर्व शरीर झिजून हाडे दिसू लागणे. त्या शब्दाला मी ‘अस्थिपंजर’ म्हणेन, आणि ज्याला तसे खरोखर झाले आहे त्याच्याखेरीज कोणालाही तो लावणार नाही. ‘फ्रेल’ मात्र बारीकपणाचा शब्दच नव्हे. तो ताकद ओसरल्याचा शब्द आहे, आणि जाड माणूसही फ्रेल असू शकतो. वृद्धांचे वर्णन करताना मुले थिन आणि फ्रेल यांची सरमिसळ करतात, आणि त्यामुळे धडधाकट आजोबा कागदावर विनाकारण आजारी होतात.

उत्तर – सुकाणू, दापोली

मी व्यापारी जहाजांवर नोकरी केली आहे. दुसऱ्या गटातल्या शब्दांपैकी काहींची नाळ समुद्राशीच जुळलेली असल्यामुळे लिहितो.

‘टायडी’ हा शब्द ‘टाइड’पासून आला आहे. आज टाइड म्हणजे भरती-ओहोटी, परंतु जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ केवळ ‘वेळ’ असा होता. टायडी म्हणजे आधी ‘वेळेवरचा’, मग ‘चांगल्या स्थितीतला’, आणि पुढे ‘जागच्या जागी असलेला’. आज टायडी म्हटले की प्रत्येक वस्तूला एक जागा आहे आणि ती वस्तू त्या जागेवर आहे, एवढेच सांगितले जाते. त्यात स्वच्छतेची हमी नाही. धुळीने भरलेली खोली टायडी असू शकते, आणि नुकत्याच सारवलेल्या माजघरात गोधड्या पसरलेल्या असतील, तर ते स्वच्छ असूनही टायडी नसते. शिवाय टायडीपणा टिकत नाही, तो रोज करावा लागतो. म्हणूनच ‘टायडी अप’ ही क्रिया आहे, म्हणजे आपली आवराआवर.

इंग्रजी ‘नीट’ हा लॅटिनमधल्या ‘चकचकीत’ या अर्थाच्या शब्दातून फ्रेंचमार्गे आला. त्यात रेखीवपणा आहे. अक्षर नीट असते, शिवण नीट असते, गणिताची उकल नीट असते. वस्तू जागेवर असणे हा टायडीचा विषय, तर वस्तू मुळात सुबक आणि नेटकी असणे हा नीटचा. येथे एक सावधगिरी हवी. आपल्याकडेही ‘नीट’ आहे आणि तो देवनागरीत अगदी तसाच लिहिला जातो, परंतु आपला नीट फार लांबवर पसरलेला आहे. ‘नीट बघ’, ‘नीट जा’, ‘आता नीट वाटते ना?’ यांपैकी एकाही ठिकाणी इंग्रजी नीट बसत नाही. तिथे अनुक्रमे लक्षपूर्वक, सांभाळून आणि बरे या अर्थांचे वेगवेगळे शब्द लागतील.

‘ट्रिम’ हा शब्द दोन्ही गटांत पाय रोवून उभा आहे, म्हणून तो सर्वांत अवघड. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ मजबूत करणे, सिद्ध करणे असा होता. जहाजाच्या पुढच्या टोकाला पाणी किती खोलवर लागते आणि मागच्या टोकाला किती, या दोहोंतल्या फरकाला आम्ही ट्रिम म्हणतो. माल चढवताना तो पुढे-मागे वाटून ही ट्रिम साधावी लागते, कारण नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, पाण्यात जास्त बुडाली, तर सुकाणू दाद देत नाही. वाऱ्याप्रमाणे शीड ताणून किंवा सैल सोडून बसवण्यालाही ट्रिम करणे म्हणतात. म्हणजे या शब्दाच्या पोटात ‘जे जास्त आहे ते काढले, जे उरले ते कामाला सज्ज आहे’ अशी कल्पना आहे. कुंपणाची मेंदी ट्रिम केली जाते ती याच अर्थाने, आणि माणसाला ट्रिम म्हटले, तर तो बारीकही असतो, ठाकठीकही असतो आणि चपळही असतो. माझ्या मते ‘आटोपशीर’ हा आपला शब्द त्याला जुळतो, ‘सडपातळ’ नव्हे.

‘शिपशेप’ हा तर सरळच खलाशांचा शब्द आहे. जहाजावर दोर गुंडाळून खुंटीला नसेल, तर अंधारात तो कोणाच्या तरी पायात येतो आणि माणूस समुद्रात जातो, म्हणून तिथली व्यवस्था शोभेची नसते. जाळी आणि सुतळी ज्या रीतीने ते आजोबा ठेवतात, तिला मी टायडी न म्हणता शिपशेप म्हणेन. स्वतः आजोबांच्या पोशाखाला नीट. टायडी हे विशेषण माणसाला लावले, तर ‘आवराआवर करण्याची सवय असलेला’ असा अर्थ होतो. तो चुकीचा नाही, परंतु आपण सांगितलेले चित्र त्याहून भरीव आहे.

देवगडची शिक्षिका

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. उद्या फळ्यावर प्रथम मराठी वाक्ये लिहून घेईन आणि कोण कोणाला म्हणते आहे हे मुलांकडूनच काढून घेईन. एक शंका उरली आहे. पुस्तकांत ‘डॅपर’ आणि ‘स्प्रूस’ असे शब्द भेटतात, तेही नीटसारखेच का? आणि ‘स्लिम चान्स’ यात कौतुक कुठे आहे?

उत्तर – पोफळीची बाग, रत्नागिरी

डॅपर आणि स्प्रूस हे दोन्ही पोशाखाचे आणि रुबाबाचे शब्द आहेत, खोलीचे किंवा कपाटाचे नव्हेत. डॅपर हा जवळजवळ नेहमी पुरुषाला लावतात. ज्या डच शब्दावरून तो आला, त्याचा अर्थ शूर असा होता. स्प्रूस हे प्रशियाचे जुने इंग्रजी नाव आहे. तिकडून येणाऱ्या कातड्याची बंडी रुबाबदार समजली जाई, त्यावरून हे विशेषण पडले असे मानतात. नववीच्या मुलांना हे दोन्ही शब्द ओळखता आले म्हणजे पुरे, वापरण्याची घाई नको.

स्लिम चान्सबाबतची आपली शंका रास्त आहे. येथे स्लिमची जुनी ‘किरकोळ’ ही छटा तशीच राहून गेली आहे, कौतुक नाही. अमूर्त गोष्टींच्या बाबतीत या शब्दांचे वाटे ठरलेले आहेत. संधी आणि बहुमत स्लिम असते, उत्पन्नाची साधने स्लेंडर असतात, मासळीचा दुष्काळ पडलेले वर्ष लीन असते आणि न पटणारी सबब थिन असते. या जोड्या तर्काने काढता येत नाहीत, त्या तशाच पाठ कराव्या लागतात. ‘फॅट चान्स’ याचाही अर्थ ‘संधी नाहीच’ असा होतो, हे एखाद्या चौकस मुलाला सांगून पाहावे, त्याला ते जन्मभर आठवेल.