सेंटीमॉर्गन जुळले, पण नातं किती लांबचं?

एका दादांनी लिहिलंय की डीएनए चाचणीत दोघांचे ७०-७५ सेंटीमॉर्गन (जुळणारा डीएनए मोजायचं एकक) जुळले म्हणजे त्यांचे खापरपणजोबा एकच. सरासरी म्हणून ठीक. पण आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत हा हिशेब फसतो. मामाची पोरगी करायची चाल कित्येक समाजांत आहे, त्यात सोयरिकी त्याच त्या गावांत. एकाच पूर्वजाचा डीएनए दोन-तीन वाटांनी येतो, बेरीज फुगते आणि लांबचा भाऊ जवळचा दिसतो. म्हणून एकूण बेरजेआधी डीएनएचा सर्वांत लांब सलग जुळणारा तुकडा बघा. ७ सेंटीमॉर्गनखालचे मी तर धरतच नाही, त्यांतले बरेच योगायोगाचे.

२०१८ मध्ये कॅलिफोर्नियात जोसेफ डिअँजेलो हा ‘गोल्डन स्टेट किलर’ म्हणून ओळखला जाणारा खुनी सापडला, त्यातही लांबच्या नातेवाइकांशी जुळलेल्या तुकड्यांनी फक्त दिशा दाखवली. नाव निघालं वंशवृक्षातून, आणि मग त्याच्या गाडीच्या दाराच्या मुठीवरचा डीएनए घेऊन गुन्ह्याच्या जागच्या डीएनएशी नेहमीच्या पद्धतीने जुळवावा लागला. तिकडे जनगणनेचे जुने कागद ऑनलाइन मिळतात हो! आपल्याकडे कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल काढा, नाहीतर वंशावळ्या राखणाऱ्या भाटाची पोथी गाठा. त्यातही बायकांची माहेरं शोधताना नाकी नऊ येतात.