सुट्या शब्दांऐवजी शब्दांच्या जोड्या लिहून ठेवाव्यात

आयईएलटीएस या इंग्रजी भाषेच्या परीक्षेची तयारी करताना ‘व्हेरी टायर्ड’ऐवजी ‘एक्झॉस्टेड’, ‘व्हेरी इम्पॉर्टंट’ऐवजी ‘क्रूशिअल’ वापरावे, अशी सूचना अनेकदा केली जाते; ती योग्यच आहे. मात्र त्यासाठी समानार्थी शब्दांच्या लांबलचक याद्या पाठ करण्याचा जो सल्ला दिला जातो, तो मला पटत नाही. आयईएलटीएसच्या लेखन चाचणीत शब्दसंपदा हा समान वजनाच्या चार निकषांपैकी एक आहे, आणि तेथे शब्दांच्या वैविध्याबरोबरच त्यांचा अचूक वापर आणि कोणता शब्द कोणासोबत येतो हेही पाहिले जाते. इंग्रजीत पाऊस ‘हेवी’ असतो, ‘स्ट्राँग’ नसतो. दुष्काळ ‘सिव्हिअर’ आणि टंचाई ‘अक्यूट’ असते. त्यामुळे वहीत नेहमी पूर्ण जोडीच लिहावी. गरजेपेक्षा जास्त अशी छटा असलेला ‘प्लेथोरा’ सरसकट ‘मेनी’च्या जागी घातला, तर वाक्य सजत नाही, बिघडते.

मराठवाड्यात मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्यांनी सरावासाठी परका विषय शोधू नये, असे मी आग्रहाने सांगेन. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. तो प्रसंग, त्याची कारणे आणि उपाय इंग्रजीत मांडून पाहिले, तर भूजल आटण्यासाठी ‘डिप्लीट’, पुनर्भरणासाठी ‘रिचार्ज’, झळ कमी करण्यासाठी ‘अलिव्हिएट’ हे शब्द गरजेपोटी सापडतात, म्हणून ते टिकतात, आणि पर्यावरणावरील कोणत्याही निबंधात पुन्हा वापरता येतात. संभाषण चाचणीत मात्र असे जड शब्द ओढूनताणून आणू नयेत.